दान पडेना, की खेळ कळेना?

प्रश्न : 'फासा' हा विषय दिलेल्या एका स्पर्धेसाठी आम्ही तिघा मित्रांनी ४८ तासांत संगणकावरचा एक खेळ तयार केला. पडेल तितकी घरे पुढे जायचे आणि दाराशी आल्यावर सहा पडले तरच दार उघडायचे, असा नियम असून वाटेत अशी तीन दारे आहेत. पंचवीसेक खेळाडूंनी अभिप्राय दिले. त्यांतील सात-आठ जण म्हणतात, 'फासा खोटा आहे, सहा पडतच नाही'. काहींना तर दाराशी काय करायचे तेच कळले नाही. आम्ही कोड पुन्हा तपासला, त्यात चूक नाही. सहा पडण्याची शक्यता गुपचूप वाढवावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : फासा खरा आहे आणि तक्रारही खरी आहे. ओळीने दहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते, आणि आपल्या खेळात तीन दारे असल्यामुळे निदान एका दाराशी अशी पाळी येण्याची शक्यता ४१ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे पंचवीसांपैकी दहाएक जणांना कुठे ना कुठे ताटकळावे लागणारच होते. सात-आठच बोलले, हे त्यांचे सौजन्य म्हणायचे.

ख्यातनाम खेळकर्ते सिड मायर यांनी २०१० मधील एका व्याख्यानात सांगितले होते की, तीनास एक असे पारडे आपल्या बाजूने असताना हरलेला खेळाडू चिडतो, मात्र तेच पारडे उलटे असताना जिंकला तर कुरकुर करीत नाही. तरीही शक्यता गुपचूप वाढवू नये असे मला वाटते, कारण त्याने वाट पाहणे कमी होईल, पण वाट पाहण्यावाचून दुसरे काही करता येत नाही हे दुखणे तसेच राहील. सापशिडीत पडेल त्या दानाबरोबर जावेच लागते. सारीपाटात दान नशिबाचे असले तरी कोणती सोंगटी हलवायची हे खेळणारा ठरवतो, आणि म्हणूनच वाईट दान पडल्यावरही त्याला विचार करायला काही उरते. आपली दारे सध्या सापशिडीची आहेत. दाराशी वाया गेलेल्या प्रत्येक दानामागे एक कवडी द्यावी आणि कवडी मोडून दान एकाने वाढवण्याची मुभा ठेवावी. मग चार पडले तर दोन कवड्या आत्ताच खर्चायच्या की पुढच्या दारासाठी राखायच्या, हा प्रश्न खेळाडूचा होतो. हा नियम पडद्यावर उघड दिसला पाहिजे.

'कळले नाही' हा अभिप्राय मी अधिक गंभीर मानतो. घाईच्या कामात खेळ तपासणारे बहुधा तो बनवणारेच असतात, आणि त्यांना नियम पाठ असतात. खेळ न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला समोर बसवून आपण तिघांनी अवाक्षरही न काढता पाहावे. तिचा हात जिथे अडेल तिथे सूचना हवी. सुधारलेली आवृत्ती मात्र वेगळी ठेवावी, कारण आलेले अभिप्राय मूळ खेळावरचे आहेत.