पाणाड्यानं दाखवलेल्या जागी बोअर मारावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यात चिकोडीजवळ दोन एकर माळ आहे, पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली, '३०० फुटांवर ३ इंच पाणी' असं छातीठोक सांगितलं. आता बोअर मारायची गाडी बोलवावी का, आणि नारळ उभा राहतो हे खरं असतं का?

नारळ उभा राहतो, हे खरं आहे. माझ्याही हातावर राहिलाय. निपाणीकडं आमच्या मळ्यात पाणी बघायला आलेल्या एका आज्जांनी माझ्या तळहातावर नारळ आडवा ठेवून मला चालायला लावलं. बांधापासून वीसेक पावलांवर, त्यांनी आधी खूण केलेल्या जागीच, तो ताठ उभा झाला. अंगावर काटा आला. संध्याकाळी चुलतभावानं माझे डोळे टॉवेलनं बांधले आणि त्याच रानातनं उलटंसुलटं फिरवलं. पाच फेऱ्यांत नारळ पाच ठिकाणी उभा राहिला, त्यातलं एक ठिकाण गोठ्याचं दार होतं. मी मुद्दाम काहीच करत नव्हतो. मनात जागा बसली की हाताचे स्नायू आपल्या नकळत हलतात, आणि नारळ किंवा ताणून धरलेली काटकी एवढ्याशा हालचालीनंही फिरते. म्हणून पाणाड्या लबाड असतोच असं नाही. त्यालाही ते खरंच वाटत असतं. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ साली एका कोठारात पाण्याचा पाइप तळमजल्यावर सरकवत ठेवून वरच्या मजल्यावरच्या पाणाड्यांना तो हुडकायला लावला होता. बहुतेकांचे अंदाज अंदाजपंचेच निघाले.

पण गंमत अशी, की आज्जांच्या जागेला पाणी लागलं. आजही ती बोअर चालू आहे. मी बरेच दिवस यावर विचार केला. नारळ पिशवीतून काढायच्या आधी ते तासभर नुसते हिंडले होते. उतार कुठं जातो ते बघितलं, ओढ्याकाठचा उंबर बघितला, शेजारच्या विहिरीत डोकावून पाझर कुठल्या अंगानं येतो ते विचारलं, उन्हाळ्यात हरळी कुठं हिरवी राहते तेही. पाणी त्यांच्या डोळ्यांनी शोधलं आणि नाव नारळाचं झालं, असं माझं मत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत पाणी शोधायवर अख्खा अध्याय लिहिलाय, त्यातही सगळा भर झाडं, वारुळं, माती आणि दगड यांवरच आहे. जांभळाला लागून पूर्वेला वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, अशा धर्तीच्या खुणा. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची, तेव्हा दोन पुरुष ही विहिरीची खोली झाली. उंबराची मुळं तीनशे फुटांवरचं काही सांगत नाहीत, हे तुमच्या पाणाड्याच्या आकड्याबद्दल लक्षात ठेवा.

कुठंही खणलं तरी पाणी लागतंच, असं काही लोक म्हणतात. ते नदीकाठच्या गाळात चालेल. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते वरच्या मुरमात, भेगाळ दगडात आणि लाव्ह्याचे दोन थर टेकतात त्या सांध्यात. फट चुकली की तीस फूट पलीकडं शेजाऱ्याची मोटर भरून वाहते आणि तुमच्या बोअरमधून नुसता भुगा उडतो. बेळगावच्या खानापूरकडं जांभा आणि पाऊस दोन्ही भरपूर, तिथल्या पाहुण्यांचा अनुभव तुमच्या माळाला लावू नका.

तेव्हा आधी आजूबाजूच्या दहा तरी बोअरींची माहिती गोळा करा: किती फुटांवर पाणी लागलं, केसिंग (वरची माती ढासळू नये म्हणून घालायचा पाइप) किती गेलं, मे महिन्यात किती तास चालते, कोरड्या कुठल्या गेल्या. कोरडीची गोष्ट लोक आपणहून सांगत नाहीत, विचारावी लागते. मग भूगर्भ तपासणीवाल्याला बोलवा. तो चार खुंट्या ठोकून जमिनीत वीज सोडतो आणि दगड तिला किती विरोध करतो ते मोजतो. ओला, फुटका दगड कमी विरोध करतो. पण चिकणमातीही कमीच करते, त्यामुळं तोही चुकू शकतो. थर किती फुटांवर आहेत ते लेखी घ्या. त्याच्या दोन-तीन जागांपैकी एक पाणाड्याच्या जागेजवळ आली, तर तिथं मारा की, घरातले वडीलधारेही खूश!

'३ इंच' म्हणजे कुठले इंच, तेही विचारून घ्या. फळीला काटकोनी खाच पाडून तिच्यातून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजली तर १ इंच पाणी म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर, २ इंच म्हणजे दुप्पट नव्हे तर २,९०० च्या आसपास, आणि ३ इंच म्हणजे जवळपास ८,०००. पाइपाचे इंच वेगळे. शिवाय पावसाळ्यानंतर लागलेलं पाणी मेपर्यंत टिकेलच असं नाही, म्हणून बोअर उन्हाळ्यातच मारा.

गाडी, मग ती तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची असो नाहीतर गावातली, पैसे फुटावर घेते. किती फुटांवर थांबायचं ते आदल्या रात्री घरात बसून ठरवा. रात्री दोन वाजता धुरळ्यात उभं राहून 'आणखी शंभर घालूया, खाली मोठा झरा आहे' असं कुणी म्हणालं की माणूस हो म्हणून बसतो. आमच्या दुसऱ्या बोअरला मी तसाच बसलो आणि ४२० फूट कोरडे गेले. आपल्या दगडात खोल जावं तशा फटी कमीच होत जातात.

कोरडी गेलीच तर तोंडावर दगड ठेवून सोडू नका. २०१७ साली अथणी तालुक्यात झुंजरवाडला सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडून दगावली. भोक तळापासून जमिनीपर्यंत मातीमुरमानं भरून घ्या, आणि हे काम गाडी रानातनं हलायच्या आत ठरवून टाका.