तुकडेबंदी कायदा असूनही महाराष्ट्रात शेतजमिनीचे तुकडे का पडतात? कायदा आणखी कडक केला तर थांबतील का?

नाही थांबणार. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने तुकड्याच्या खरेदीखताला अडवलं. कायद्यात वाटणीवरही बंदी आहे, पण घरातली वाटणी तलाठ्याच्या दप्तरात होतच नाही. ती बांधावर दगड रोवून होते.

आमचंच सांगतो. आजोबांच्या नावावर 11 एकर होते, मुलगे तीन. सरळ तीन सलग भाग का पाडले नाहीत, असं मी लहानपणी विचारलं होतं. ओढ्याकाठचं रान काळं, वरचा माळ मुरमाड. एकाला काळं आणि दुसऱ्याला माळ दिला असता तर भाऊबंदकी पेटली असती. म्हणून काळ्या रानाचे तीन पट्टे, माळाचेही तीन, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. वाटणी न्यायाची झाली, पण पट्टे इतके अरुंद की ट्रॅक्टर वळवायला चुलत्यांच्या रानात जावं लागतं. तुकडे हावरेपणातून पडतात असं शहरातल्या लोकांना वाटतं. मी पाहिलेले बहुतेक तुकडे सगळ्यांना सारखं देण्याच्या धडपडीतून पडलेत.

कृषी गणनेनुसार राज्यातलं सरासरी वहितीखातं, म्हणजे एका शेतकऱ्याकडची कसायची जमीन, 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होतं, 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर आलं. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर, तेही हा कायदा लागू असताना. शेवटी सरकारनेच 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान जमीन तुकडा ठरते ते माप, खाली आणून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे केलं. जमीन कायद्याच्या मापात बसेना, तेव्हा माप लहान झालं.

या बंदीने एक नुकसान मात्र नक्की केलं. कागदावर वाटणी होत नाही म्हणून खातं सामाईक राहतं. आमच्या सातबाऱ्यावर आज सात नावं आहेत, त्यात आत्यांच्या वारसांचीही, आणि ती योग्यच आहेत. पण पीककर्ज काढायचं म्हटलं की सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरायचं. एक जण रुसला की हंगाम गेला.

याच कायद्याचा दुसरा भाग एकत्रीकरणाचा, म्हणजे विखुरलेले तुकडे अदलाबदलीने एका जागी आणण्याचा. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले ते त्यातूनच. विचार चांगला होता, पण कित्येक गावांत सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची अशी गुंतागुंत उरली. 2023 च्या सलोखा योजनेत एकमेकांच्या ताब्यातल्या जमिनींची अशी किमान 12 वर्षांची अदलाबदल 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी भरून कायम करता येते. तुमच्या घरी असा घोळ असेल तर आधी हे करून घ्या.

आता माझा मूळ मुद्दा. मालकी वाटली जाणारच. मुलीलाही वाटा मिळालाच पाहिजे, तो अडवून शेत मोठं ठेवणं मला मान्य नाही. पण मालक सात असले तरी कसणारा एक असू शकतो. त्याला आडवी येते ती कुळाची, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याची, भीती. 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कसणारी कुळं मालक झाली. तो न्याय होता, त्याबद्दल मला अजिबात शंका नाही. विदर्भ-मराठवाड्यात कायदे वेगळे होते, पण धास्ती तीच: दुसऱ्याचं नाव एकदा कागदावर आलं की जमीन गेली.

म्हणून गाव सोडून गेलेला मालक जमीन देतो तीही तोंडी, वर्षाच्या बोलीवर, आणि कसणाराही बदलत राहतो. पुढच्या वर्षी रान आपल्याकडे असेल की नाही हे माहीत नसलेला माणूस त्यात शेणखत कशाला टाकेल? बांधबंदिस्ती कशाला करेल? गारपीट झाली तर पंचनामा सातबाऱ्यावरून, भरपाई मालकाच्या खात्यात. पेरणारा तो, कर्ज काढणारा तो, आणि सरकारच्या लेखी तो शेतकरीच नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

नीती आयोगाने 2016 मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला. त्यात मालकी सुरक्षित राहते आणि कसणाऱ्याला मुदतीपुरतं कर्ज, विमा, नुकसानभरपाई मिळू शकते. मी माझ्या चुलतभावांचे पट्टे धरून अकराच्या अकरा एकर कसायला तयार आहे आणि तेही द्यायला तयार आहेत. पाच वर्षांचा लेखी करार करू या म्हटलं की मात्र ते गप्प होतात. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, कागदावर नाही.