दुपारची गोळी लागू न पडण्याबद्दल

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांची पार्किन्सनची गोळी सकाळी छान लागू पडते पण दुपारी जेवणानंतर घेतलेली वायाच जाते, आणि स्ट्रिप डुप्लिकेट असेल का म्हणून विचारताय. सकाळी त्याच स्ट्रिपमधली गोळी काम करते ना, मग आधी गोळीवर संशय घेऊ नका. मी बी.फार्म आहे, बरीच वर्षं सोलापुरात मेडिकल चालवतो, आणि हे आमच्या घरात भोगलेलं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या काकांचं अगदी असंच होतं. सकाळी सातची गोळी घेतली की पाऊण तासात शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावायचे, आणि दुपारी भाकरी, शेंगाची आमटी, वाटीभर दही असं जेवून गोळी घेतली की चार वाजले तरी पाय फरशीला चिकटल्यासारखे, खुर्चीतून दोघांनी धरून उठवायचं. आम्ही दुकान बदललं, कंपनी बदलली, काही फरक नाही.

कारण असं आहे की या पार्किन्सनच्या गोळीतलं लेवोडोपा हे औषध आतड्यातून आपोआप झिरपत नाही. त्याची रचना अमिनो आम्लासारखी, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या घटकासारखी आहे, त्यामुळे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात अमिनो आम्लं आत घेणारी जी वाहक प्रथिनं असतात त्यांच्याच खांद्यावर बसून ते रक्तात जातं. आता शेंगा, डाळ, दही पचलं की त्यातूनही अमिनो आम्लंच सुटतात आणि त्यांनाही तेच वाहक लागतात, वाहक मोजकेच, मग औषध मागं राहतं. बरं, रक्तातून मेंदूत शिरतानाही पुन्हा तशाच वाहकापाशी हीच गर्दी. त्यात भरल्या पोटी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणजे गोळी आतड्यापर्यंत पोचतेच उशिरा.

काकांना न्यूरोलॉजिस्टनी गोळी जेवणाआधी अर्धा तास नुसत्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितली आणि डाळ-दही रात्रीच्या जेवणात ढकललं. आठवड्याभरात काका दुपारी दारापर्यंत एकटे जायला लागले, काकू तेव्हा रडल्या होत्या. पण हे मनानं करू नका ताई, डाळ-दूध पूर्ण बंद तर अजिबात नको, या आजारात वजन आधीच घटतं. उपाशीपोटी मळमळलं तर एखादं साधं बिस्कीट चालेल का ते डॉक्टरांना विचारा. आणि बाबांना लोहाची गोळी चालू असेल तर तेही सांगा, लोह लेवोडोपाला आतड्यातच धरून ठेवतं, त्या दोन्हींत अंतर लागतं.

खाली एकांनी लिहिलंय की औषध एकदा पोटात गेलं की गेलं, जेवणाचा काय संबंध. तसं नसतं हो. आतड्याच्या पेशींवर उलटे पंपसुद्धा असतात, आत आलेलं औषध परत आतड्यात फेकणारे. त्यातला पी-ग्लायकोप्रोटीन १९७६ साली ज्युलियानो आणि लिंग यांनी शोधला. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असलं की आतड्यात हा पंप वाढतो आणि हृदयाच्या डिगॉक्सिनची रक्तातली पातळी उतरते, उलट बीपीच्या व्हेरापामिलनं पंप दबला की तीच पातळी चढते, आणि डिगॉक्सिनमध्ये थोडं जास्त झालेलंही धोक्याचं असतं. ॲलर्जीची फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या ज्यूसबरोबर घेतली तर ज्यूस तिच्या वाहकालाच अडवतो आणि गोळी कमी शोषली जाते, म्हणून काउंटरवर मी प्रत्येकाला सांगतो, पाण्याबरोबरच घ्या.

तुम्ही आता एवढं करा, आठ दिवस वहीत लिहा, गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, ताटात काय होतं, आणि बाबांच्या हालचाली किती वाजता मोकळ्या झाल्या. तीच वही डॉक्टरांपुढे ठेवा. काकांच्या वेळी डॉक्टरांनी वही बघूनच वेळ बदलली, डोस तोच ठेवला.