वाचक विचारतात: उपवासकाळात नेमकं करायचं काय?

राखेचा बुधवार, म्हणजे कपाळाला राख लावून ईस्टरआधीचा उपवासकाळ (लेंट) सुरू करायचा दिवस, जवळ आला की आमच्याकडे पत्रं वाढतात. त्यातली पाच इथे घेतली आहेत. उत्तरं कॅथलिक नियम धरून दिली आहेत. इतर ख्रिस्ती मंडळ्यांची (चर्चची) रीत वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न: राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर 46 दिवस भरतात. मग चाळीस कसे म्हणतात? आणि तारीख दरवर्षी का हलते? (भुसावळ)

मधले सहा रविवार वजा करा. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. 2027 चं उदाहरण घ्या: 10 फेब्रुवारीला राखेचा बुधवार, 28 मार्चला ईस्टर, मधे सहा रविवार.

तारीख चंद्रावर ठरते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे एखाद्या वर्षी होळीच्या पौर्णिमेनंतरचा रविवार येतो, एखाद्या वर्षी हनुमान जयंतीनंतरचा. कॅलेंडर हाताशी नसलं तरी एवढ्यावरून अंदाज येतो.

रविवारी मटण चालतं का, हाही प्रश्न पाठोपाठ असतोच. नियमानं चालतं. सहाही रविवारी रस्सा झालाच पाहिजे असं मात्र नाही.

प्रश्न: आम्ही चाळीस दिवस मटण बंद ठेवतो. शुक्रवारी साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी करतो. ख्रिस्ती उपवासाला हेच चालतं का? सासूबाई सत्तरीच्या आहेत, त्यांना शुगर आहे. त्या ऐकत नाहीत. (जळगाव)

ताई, इथे दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. उपवास म्हणजे कमी खाणं. मांसवर्ज्य म्हणजे मांस न खाणं. उपवास फक्त दोन दिवस बंधनकारक आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तोही 18 पूर्ण झालेल्यांपासून साठावं वर्ष लागेपर्यंत. मांसवर्ज्य या दोन्ही दिवशी आणि उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी, 14 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला. आपल्या धर्मप्रांतात काही सवलत असेल तर ती फादर मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) जाहीर करतात.

उपवासाच्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडं खाणं. ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं भरता कामा नये. म्हणजे दुपारी नेहमीसारखी भाकरी, भाजी, वरण. सकाळी अर्धी भाकरी आणि दूध, रात्री वाटीभर डाळ-तांदळाची खिचडी. पाणी, चहा, ताक मोजत नाहीत. धान्य वर्ज्य नाही, त्यामुळे ज्वारी सोडून साबुदाणा आणायचं कारणच नाही. मासे, अंडी, दूध नियमात बसतात. साबुदाणा खाल्ला म्हणून पाप लागत नाही, पण तेलात परतलेली, दाण्याचा कूट घातलेली ताटभर खिचडी साध्या जेवणापेक्षा जड पडते आणि उपवासाच्या नावाखाली पोट जास्तच भरतं. शुक्रवारी लालभडक तर्रीची शेवभाजी आणि वर गोड केलं, तर नियम मोडला नाही, पण हाती काही लागलंही नाही.

आणखी एक चूक बहुतेक घरांत होते. मटणाचे वाचलेले पैसे घरखर्चातच जिरतात. बायबलमधल्या यशयाच्या 58 व्या अध्यायात उपवासाचा अर्थच भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं असा सांगितला आहे. म्हणून एक डबा ठेवा, मटण आणलं असतं त्या दिवशीच तेवढे पैसे त्यात टाका, आणि कोणाला द्यायचे हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. शेवटी ठरवू म्हटलं की डबा ईस्टरच्या कपड्यांवर रिकामा होतो.

सासूबाई वयानंच उपवासातून मोकळ्या आहेत, आणि आजारपणातही बंधन नाही. शुगरची गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, चक्कर. मग फादरांआधी डॉक्टर गाठावा लागतो. त्यांना फादरांकडूनच सांगायला लावा, सुनेचं ऐकणार नाहीत. त्यांनी टीव्ही मालिकेचा अर्धा तास क्रुसाच्या वाटेला (येशूच्या दुःखसहनाच्या टप्प्यांवरच्या प्रार्थनेला) द्यावा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि केळीचे घड वाहणारे मजूर यांनाही उपवासाची सक्ती नाही.

प्रश्न: राख घरी करायची ठरली आहे. मागच्या वर्षी काहींच्या कपाळावर आग झाली, पुरळ आलं. काय चुकलं? (धुळे)

बहुधा राख पाण्यात कालवून ठेवली असेल. राखेत पाणी मिसळलं की क्षार सुटतात आणि कातडीला झोंबतात. राख कोरडीच लावा किंवा डोक्यावर भुरभुरा. कालवायचीच असेल तर थेंबभर गोड्या तेलात. मागच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या गोळा करा, रिबन, टाचण्या, प्लास्टिक काढा आणि पूर्ण वाळू द्या. ओली शिंदी धुमसते, तिचा चिकट कोळसा होतो. लोखंडी कढईत जाळा, गार झाल्यावर कुटून मलमलीतून दोनदा गाळा. पाटीभर झावळ्यांतून राख फार थोडी निघते, तेवढी पुष्कळ होते.

प्रश्न: घरचे लेंट लागला की दारू बंद करतात आणि ईस्टरच्या रविवारी पुन्हा बसतात. याला पश्चात्ताप म्हणायचं का? शिवाय आमच्या मंडळीत राख लावत नाहीत. मग लेंट आमचा आहे का? (नवापूर तालुका)

बाई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. 1522 साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये उपवासकाळात सॉसेज (मांसाच्या वळकट्या) खाल्ल्यावरून वाद पेटला आणि प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्लीनं उपवासाच्या सक्तीविरुद्ध प्रवचन दिलं. त्याचा आक्षेप सक्तीला होता. तुमच्या मंडळीत राख नसली तरी दुःखसहन सप्ताह (ईस्टरआधीचा आठवडा) असतो, गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं असतात. त्याच्या तयारीसाठी मार्कचं शुभवर्तमान घ्या. 16 अध्याय आहेत, आठवड्याला तीन घेतले तर सहाव्या आठवड्यात संपतं. मावचीत वाचा, अहिराणीत प्रार्थना करा, काही बिघडत नाही.

आता दारू. चाळीस दिवस राहता येतं, हे त्यांनीच दाखवलं आहे, ही जमेची बाजू. पण ईस्टर ही सुटीची तारीख धरली तर मन सगळा काळ दिवसच मोजत राहतं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, ते शांत असताना, पाळकसाहेबांसमोर एकच बोलणं करा: ईस्टरनंतरच्या पहिल्या महिन्याचं काय? कोणासोबत बसायचं नाही, मजुरीचे पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढं ठरलं तरी पुष्कळ. एक सावधगिरी: रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झोप उडते, कधी झटके येतात, भास होतात. तेव्हा प्रार्थना चालू ठेवा आणि दवाखान्यात न्या. ती श्रद्धेची कमतरता नाही.

प्रश्न: बांधावरून मोठ्या भावाशी बोलणं बंद आहे, कोर्टात केस आहे. त्याच्याशी न बोलता माझा उपवासकाळ पुरा होईल का? (यावल)

भाऊ, उपास पुरा होईल, उपवासकाळ नाही. मत्तय 5:23-24 मध्ये वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, आणि तेही 'त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर'. चूक कोणाची, हे तिथे विचारलेलंच नाही.

केस मागे घ्यावी लागते असं नाही. बांध कुठे आहे हे मोजणी ठरवेल. बोलणं सुरू करणं तुमच्या हातात आहे. पंच घेऊन जाऊ नका, ती बैठक होते. व्हॉट्सॲपवर माफीचा मेसेज टाकू नका, तो पुढे पाठवला जातो. एकटे जा, संध्याकाळी तो शेतातून आल्यावर, आणि फक्त आपल्या बाजूचं बोला: 'मी त्या दिवशी वहिनीसमोर बोललो ते चुकलं.' त्याच वाक्यात 'पण तू पण' आलं की सगळं मोडलं. नांगरताना त्याच्याकडची दोन तासं (नांगराच्या ओळी) तुमच्यात आली असतील तर निकालाची वाट न बघता परत करा. बायबलमधल्या जक्कय या जकातदारानं तर चौपट देण्याचं म्हटलं होतं. त्यानं दार लावून घेतलं तर परत या, पुन्हा एकदा जा. त्याचं उत्तर तुमच्या हिशेबात धरलं जात नाही.

पापनिवेदनाला (फादरांसमोर पापं कबूल करायला) तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच जा. पवित्र आठवड्यात रांग लागते, फादरांना वाड्यावस्त्यांवरही जायचं असतं, तुमच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. मागचं पापनिवेदन कधी केलं तिथून सुरुवात करा, मग पाप सांगा. भावाची पापं सांगू नका, तो स्वतः येईल तेव्हा सांगेल. फादर जे प्रायश्चित्त देतील ते त्याच दिवशी करा, राहिलं की राहूनच जातं.