क्विझमध्ये नऊ गुण, वही मात्र कोरी

"मॅडम, गेम खेळून कधी भाषा येते का हो?" ऐरोलीहून आलेल्या आईने बसता बसताच विचारलं. सोबत सहावीतला मुलगा, इंग्रजी माध्यमाचा. २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, तेव्हापासून माझ्या नौपाड्यातल्या खोलीत हा प्रश्न सारखा येतो.

त्याच्या शाळेत मराठीचा तास टॅबवरच्या क्विझवर चालतो. तिथे दहापैकी नऊ. घरी पाच ओळी लिही म्हटलं की पेन्सिल चावत बसतो.

माझा पहिला सल्ला चुकला. सवयीने म्हणून गेले, "स्क्रीन कमी करा." पंधरा दिवसांत स्क्रीन कमी झाली आणि मराठी वाचणंही थांबलं. घरी बोलणं मराठीत, पण अक्षरांशी त्याची गाठ फक्त त्या टॅबवरच पडायची!

मग त्याला माझ्यासमोरच खेळायला बसवलं. 'विद्यार्थी' चार रूपांत समोर आला आणि त्याने क्षणात बरोबर रूपावर बोट ठेवलं. कसं ओळखलंस? "बाकीचे विचित्र दिसतात." उत्तर प्रामाणिक होतं. समोरचं ओळखणं वेगळं आणि कोऱ्या पानावर आठवून लिहिणं वेगळं. क्विझ त्याच्याकडून पहिलंच करून घेत होती.

तोच शब्द फोनवर टाकायला सांगितला. इंग्रजी अक्षरं वापरली की फोन अख्खा शब्द तयार करून हातात देतो, म्हणून देवनागरी कीबोर्ड घेतला. आधी व, मग वेलांटी. "पण वेलांटी तर आधी काढतात!" इथे पाच मिनिटं वाद. मग द, पाय मोडायचं चिन्ह, य. तो थांबला. "हे द आणि य आहे? मला ध वाटायचा." इतकी वर्षं हा शब्द त्याने नुसता चित्रासारखा पाहिला होता.

आईला म्हटलं, क्विझ चालू द्या, पण बोट काय करतंय ते बघा: नुसतं निवडतंय, की जुळवतंय? आणि साताऱ्याच्या आजीला कामाला लावलं. रोज वीस मिनिटं व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दांच्या भेंड्या, प्रत्येक अक्षर स्वतः टाकायचं. रविवारी त्यातले दहा शब्द न बघता वहीत.

एकदा कंटाळून त्याने माइक दाबला आणि म्हणाला, "आजी, मी केळं खाल्लं." ळ नीट उमटला नाही आणि फोनने लिहिलं 'केलं'. आजीचा उलट प्रश्न, "काय केलंस रे?" ते वाचून स्वतःच हसत सुटला, आणि मग केळं बरोबर उमटेपर्यंत माइक सोडला नाही. आईने शंभरदा टोकून जे झालं नव्हतं ते असं झालं.

दोन महिने झालेत. निबंध अजून चार ओळींपुढे जात नाही. वाक्यं जुळवायला भेंड्या पुरत नाहीत, त्यासाठी आता आजीला रोजचा एक किस्सा लिहून पाठवायचं ठरलंय. पण परवा आला तो तक्रार घेऊन. ळ ने मराठीत शब्द सुरू होत नाही हे त्याने शोधलं आणि सकाळ, फळ, आभाळ असे शब्द टाकून आजीला कोंडीत पकडलं. आजीने बिनधास्त 'लसूण' टाकला. ळ आला की ल घ्यायचा, म्हणे.

"मॅडम, हा रूल कुठे लिहिलाय?"

आजीला विचार म्हटलं.

"विचारलं. ती म्हणते, आमच्या साताऱ्यात."