क्लास अॅक्शनमध्ये वकील आणि कंपनीची तडजोड झाली, मग जजची मंजुरी कशाला?

तुम्हाला अमेरिकेत क्लास अॅक्शनच्या, म्हणजे एकसारखी तक्रार असलेल्या सगळ्यांच्या वतीने चालणाऱ्या एकाच खटल्याच्या, सेटलमेंटचं (तडजोडीचं) कार्ड आलंय आणि ‘दोघांचं जमलंय, तर कोर्ट मध्ये कशाला’ असा तुमचा प्रश्न आहे. न्यू जर्सीत आल्यावर मला पहिलं असं कार्ड आलं, ते मी फसवणूक समजून थेट कचऱ्यात टाकलं होतं.

गोम अशी की जमलंय त्या दोघांचं, आणि हक्क सुटतोय तुमचा. तो वकील तुम्ही नेमलेला नाही. तडजोड मंजूर झाली की त्याला फी मिळते, कंपनीची कटकट मिटते, आणि ‘मला यात धरू नका’ असं कळवून बाहेर न पडलेल्या (ऑप्ट आउट न केलेल्या) प्रत्येकाचा दावा तिथेच संपतो. कालपर्यंत भांडणारे दोघे त्या दिवशी कोर्टात एका सुरात बोलतात. तुमच्या वतीने ‘जरा थांबा’ म्हणणारं कोणी उरत नाही. म्हणून फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टांच्या दिवाणी नियम 23(e) नुसार तडजोड न्याय्य, वाजवी आणि पुरेशी आहे ना, हे जजला स्वतः तपासावं लागतं.

सबवे या सँडविचच्या दुकानांच्या साखळीचंच प्रकरण घ्या. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मुलाने तिच्या ‘फूटलाँग’ (फूटभर, म्हणजे 12 इंची) सँडविचला टेप लावून फोटो टाकला: भरलं 11 इंच! लगेच अमेरिकेत खटले. पुढे निघालं असं की कच्च्या पिठाचे गोळे एकाच वजनाचे असतात, भट्टीत एखादा पाव कमी ताणला जातो, इतकंच. खायला कोणालाच कमी मिळालं नव्हतं. तरी तडजोड झाली. कंपनी 4 वर्षं पाव मोजणार, वकिलांना 5,20,000 डॉलर, ज्यांच्या नावाने खटला होता त्या फिर्यादींना प्रत्येकी 500, आणि बाकी ग्राहकांना? शून्य. खालच्या कोर्टाने हे मंजूरही केलं! टेड फ्रँक नावाचा वकील स्वतः सबवेचा ग्राहक होता, त्याने हरकत घेतली आणि तो अपिलात गेला. 2017 मध्ये शिकागोच्या सातव्या सर्किट कोर्टाने (फेडरल अपील कोर्टाने) ती मंजुरी रद्द केली. अशी तडजोड कवडीमोलाची, ती मुळात मंजूरच व्हायला नको होती, असा एकूण सूर. म्हणजे जजची नजरही चुकते. माझ्या मते हरकत घेणारा नसता, तर हे कोणाला कळलंही नसतं.

आता तुमचं कार्ड. त्यावर कोर्टाचं नाव आणि केस नंबर असेल, तो कोर्टाच्याच साइटवर जुळवून बघा. पैसे मिळवण्यासाठी आधी पैसे भरा म्हणत असतील तर सरळ फेकून द्या. खरं निघालं तर तारखा वाचा: क्लेम फॉर्मची, ऑप्ट आउटची, हरकतीची. बाहेर पडलात तर हरकत घेता येत नाही. हरकत घ्यायची असेल तर आतच राहावं लागतं. हरकत फेटाळली गेली तरी वेळेत भरलेला क्लेम त्यामुळे बुडत नाही, तेव्हा फॉर्म भरूनच ठेवा. काहीच केलं नाहीत, तर बहुतेक वेळा पैसेही जातात आणि पुढे दावा करायचा हक्कही.

दुसऱ्या कार्डाच्या वेळी मी फॉर्म भरला. वर्ष उलटल्यावर चेक आला, चार डॉलर आणि काही सेंट.