लिस्बनमध्ये एकच दिवस आहे. बेलेमला अर्धा दिवस पुरेल का?

नाही पुरणार. अख्खा दिवस नदीकाठच्या या बेलेम भागाला द्या, बाकीचं लिस्बन पुढच्या खेपेला.

आमच्या टूरवाल्यांनी बेलेम दीड तासात उरकलं होतं. मठासमोर फोटो, १८३७ पासूनच्या त्या दुकानातली नाता (कस्टर्ड भरलेली छोटी गोड पेस्ट्री), की चला बसमध्ये. दुसऱ्या दिवशी मोकळा वेळ मिळाला. बाकी मंडळी खरेदीला गेली, मी आणि ह्यांनी १५ नंबरची ट्राम पकडून परत बेलेम गाठलं.

त्याला कारण होतं. मी वसईची. निघायच्या आधी दादाशी वाजलं होतं. "दोनशे वर्षं पोर्तुगीज आपल्या उरावर बसले, त्यांचं वैभव बघायला पैसे मोजणार तू?" तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं.

जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये शिरलं की वास्को द गामाचं थडगं लागतं. दगडातला गामा हात जोडून उताणा झोपलाय, खाली कडेला जहाज कोरलंय. माणूस मेला कोचीत, १५२४ साली. तो कालिकतला पोचला १४९८ मध्ये आणि तीनच वर्षांत हा मठ बांधायला घेतला, आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर बसवलेल्या पाच टक्के कराच्या पैशातून. म्हणजे त्या नाजूक कोरीव खांबांत आपल्या किनाऱ्याचा पैसा आहे. मी खांबाला हात लावून बराच वेळ उभी राहिले.

मग बेलेमचा बुरूज. वायव्येच्या कोपऱ्यातल्या छोट्या बुरजाखाली गेंड्याचं डोकं कोरलंय. वाऱ्यापावसाने इतकं झिजलंय की कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. हा गेंडा आपल्याकडचा. पोर्तुगीजांचा इथला गव्हर्नर आल्बुकर्क, त्याला दीवमध्ये किल्ला बांधायचा होता. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने परवानगी नाकारली आणि भेट म्हणून गेंडा पाठवला. गोव्याहून जहाजात चढवलेला तो १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला, तेव्हा या बुरजाचं बांधकाम चालूच होतं. पोर्तुगालच्या राजाने पुढे तो पोपला पाठवला, पण वाटेत जहाज बुडालं आणि साखळदंडात बांधलेला गेंडाही बुडाला. याच मुझफ्फरशहाच्या मुलाने, बहादूरशहाने, १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. पुढे चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये ती जिंकून घेतली. आमच्या किल्ल्याच्या गोष्टीचा सुरुवातीचा तुकडा मला तिथे, नदीकाठी सापडला.

दादाला मी तिथूनच फोन केला. म्हटलं, दादा, वैभव बघायला नाही, हिशेब बघायला आलेय. आपला पैसा कुठे गेला ते आपण नाही तर कोण बघणार? तो आजही ऐकत नाही. पण न बघता रागवायचा हट्ट मला पटत नाही, आणि बघून नुसतं भारावून जाणं तर त्याहून नाही.

म्हणूनच नदीकाठचं ते दर्यावर्दींचं उंच स्मारक मला आवडलं नाही. ते जुनं नाहीच. १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं, १९६० मध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत पक्कं बांधलं, गोवा मुक्त व्हायच्या आदल्या वर्षी. वर जायच्या रांगेत वेळ घालवू नका. मठाच्या आवारातलं नौदल संग्रहालय बघा, गामाच्या जहाजावरची देवदूताची लाकडी मूर्ती तिथे आहे.

हो, सोमवारी जाऊ नका, मठ बंद असतो. बुरूज दुरुस्तीसाठी मध्यंतरी बंद होता, निघण्याआधी चौकशी करा. आत जाता आलं नाही तरी काठावरून फोनचा झूम लावून गेंडा शोधा.